एक वीत चार बोटं

वाशीच्या मार्केटात बाबांच्या पाठीवरून किती गोणी गेल्या
ते टोळीच्या वहीत असेल.
माझ्याकडे आहे तो हिशेब एवढाच :
एक वीत चार बोटं.
कंदिलाची एक काडी.

अशा चोवीस.
फळबाजारातल्या फुटक्या करंड्या ते उचलून आणायचे,
मोरीत भिजत घालायचे,
आणि आई दोन दिवस करवादायची, अंघोळ कुठे करायची म्हणून.
काड्या तासताना ते बोलत नसत.
बांधताना बोलत :
सहा चौकोन कर. चार टोकावर उभे, कोपऱ्याला कोपरा.
एक वर, एक खाली.
आठ त्रिकोण मधल्या मधे आपोआप होतात,
ते कुणी बांधत नाही.

हे वाक्य ते दर वर्षी नव्याने सांगायचे,
आणि आम्ही दर वर्षी मोजायचो,
खरंच आठ.

या वर्षी लावायचा नाही.
आत्याने गावाहून फोनवर सांगितलं,
वर्ष सरेपर्यंत गोडधोड नाही, रांगोळी नाही, कंदील नाही.
आई हो म्हणाली.
मीही हो म्हणाले
आणि संध्याकाळी करंडी भिजत घातली.
करणं आणि लावणं वेगळं, असं काहीतरी
मी मनात तयार ठेवलं होतं.
कुणी विचारलंच नाही.

अडलं ते मापावर.
तुळशीचं लग्न झालं की ते कंदील सोडवून टाकायचे,
जुना सांगाडा म्हणून काही उरलेला नाही.
फूटपट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही.
मी माझी वीत ठेवली काडीवर,
पुढे चार बोटं,
आणि कापली.
पाचव्या काडीला कळलं की हे माप
त्यांच्या हाताचं होतं,
हात नसेल तर ते नुसते शब्द.

तरी कापत गेले.
चोवीस झाल्या.
सुजितने खळ केली, गुठळ्यांची,
मोरचूद टाकायचं विसरला.
चौकोनांना पिवळा पतंगी कागद, त्रिकोणांना हिरवा,
शेपट्या आईने कातरल्या,
टीव्हीकडे बघत, जणू हात दुसऱ्या कुणाचे.

कोपरखैरण्याची आमची गल्ली अशी
की समोरच्यांची फोडणी आम्हाला ठसका देते.
समोरच्या मढवी काकू फराळाचा डबा घेऊन आल्या,
सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचा असतो तसा,
आणि वॉशिंग मशीनवर त्यांना तो दिसला.
हा इथे काय करतोय?
आम्ही तिघंही गप्प.
तुमच्याकडे लावायचा नसेल तर
माझ्याकडे हूक रिकामाच आहे,
असं म्हणून त्यांनी तो सुतळीला धरून उचलला,
एखादं पोर शाळेतून घरी न्यावं तसा.

रात्री त्यांच्या गॅलरीत बल्ब लागला.
आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर
हिरवे त्रिकोण आले,
डब्यांवरून, कॅलेंडरवरून हळूहळू सरकणारे.
सुजित मोजायला लागला.
तीनच सापडले, बाकीचे तिकडे मढव्यांच्या भिंतीवर असणार.

आईने पडदा ओढला नाही.
बराच वेळ भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून
ती बघत राहिली.
मग म्हणाली, लहान झालाय.
हो, म्हटलं.
त्यांचा पंजा केवढा होता, म्हणाली,
आणि तवा तापला का ते बघायला वळली.

झोपण्याआधी मी वहीत लिहिलं, पुढच्या वर्षासाठी :
माझी एक वीत, सहा बोटं. अंदाजे.
मग खोडलं.
सुजित चौदाचा आहे.
त्याचा हात अजून वाढतोय.